पेशीला मरण का येत नाही, हेही वाचकांना सांगावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात आणि एकूणच मराठी वर्तमानपत्रांत कर्करोगाविषयी जे लेखन होते, त्यात एक वाक्य हमखास असते: ‘पेशींची अनियंत्रित वाढ म्हणजे कर्करोग.’ हे वाक्य चुकीचे नाही. महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवताना मीही वर्षानुवर्षे तेच फळ्यावर लिहीत आले. परंतु ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे कोणी सांगत नाही म्हणून रुग्णांचे प्रत्यक्ष नुकसान होते, हे मला गेल्या काही वर्षांत स्वतःच्या घरात पाहावे लागले. पत्र नेहमीच्या पत्रांपेक्षा लांब झाले आहे, तरी त्यातील विषय पाहता ते न कापता छापावे, अशी विनंती आहे.

माझा आतेभाऊ शेती करतो. बरगडीखाली डाव्या बाजूला सारखे जड वाटते, दोन घास खाल्ले तरी पोट भरते, म्हणून तो तपासून घ्यायला गेला, तर पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली निघाली आणि रक्तातील पांढऱ्या पेशी नेहमीच्या कितीतरी पट भरल्या. निदान झाले क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे अस्थिमज्जेतून सुरू होणाऱ्या आणि संथपणे वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे. रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिबची गोळी सुरू झाली. तीन महिन्यांच्या आत रक्ताचा अहवाल सुधारला, पानथरी उतरली, तो पुन्हा रानात जाऊ लागला. दीड वर्षाने त्याने कोणालाही न विचारता गोळी बंद केली. मला कळले तेव्हा मी रागावले, त्यावर त्याचे उत्तर होते, ‘ताई, वाढ थांबलीय असं तूच सांगितलंस ना? मग आता गोळी कशासाठी घ्यायची?’

त्याचा निष्कर्ष चुकला, पण तर्क चुकला नव्हता. कर्करोग म्हणजे केवळ वाढ, असे मानले तर वाढ थांबली की रोग संपला, हेच ओघाने येते. ज्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार चालू होते तेथेही ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढेच त्याला सांगितले गेले होते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्याहून जास्त सांगायला कोणाला वेळ मिळत असेल असे मला वाटत नाही. त्याला जे समजायला हवे होते ते दुसरेच होते: त्याच्या रोगपेशी केवळ वाढत नव्हत्या, तर मरण्याची वेळ आली तरी मरत नव्हत्या.

निरोगी शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात, आणि त्या मराव्याच लागतात. गर्भातील बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा सलग असतो, बोटांच्या मधल्या पेशी ठरलेल्या वेळी मरतात म्हणून बोटे सुटी होतात. रक्तातील पांढऱ्या पेशींच्या काही जातींचे आयुष्य तर फारच थोडे, एखाद्या दिवसाचे. १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांनी ॲबर्डीन येथे केलेल्या कामात पेशींच्या या शिस्तशीर मृत्यूला ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे झाडावरून पाने गळणे. आपल्याकडे त्यासाठी पानगळ हा सुंदर शब्द आयता आहे, आणि वर्गात मी तोच वापरत असे, कारण ‘क्रमनियोजित पेशीमृत्यू’ म्हटले की विद्यार्थी पाठांतराला लागत आणि पानगळ म्हटले की विचार करू लागत.

ही पानगळ अडली तरीसुद्धा कर्करोग होऊ शकतो, हे १९८८ साली मेलबर्नच्या डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवून दिले. बीसीएल-२ नावाचे एक जनुक लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात बेसुमार काम करताना आढळत असे, आणि इतर कर्क-जनुकांप्रमाणे तेही पेशींना विभागायला लावत असावे, असा समज होता. या तिघांनी ते जनुक रक्तपेशींत घातले आणि त्या पेशींना लागणारा वाढीचा घटक काढून घेतला. साध्या पेशी अशा वेळी थोड्या दिवसांत मरतात. बीसीएल-२ असलेल्या पेशी विभागल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत, नुसत्या तग धरून राहिल्या. कर्करोगाच्या अभ्यासात हा प्रयोग मी फार मोलाचा मानते, कारण वाढ आणि टिकाव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे त्यातून पहिल्यांदा स्वच्छ दिसले.

आता प्रश्न असा, की पेशीने जगावे की मरावे याचा निर्णय पेशीत कोण आणि कसा घेते. याचे उत्तर बऱ्याच अंशी एका लहानशा रासायनिक क्रियेत आहे, जिला फॉस्फोरिलेशन म्हणतात. प्रथिनांच्या साखळीत सेरीन, थ्रिओनीन आणि टायरोसीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेटचा गट बसवता येतो. कायनेज या वर्गातील विकरे, म्हणजे एन्झाइम, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूवरील टोकाचा फॉस्फेट उचलून तेथे बसवतात आणि फॉस्फेटेज या वर्गातील विकरे तो काढून टाकतात. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असल्यामुळे तो बसताच प्रथिनाची घडी बदलू शकते, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला तेथे येऊन चिकटण्यासाठी जागा तयार होते. हे सारे क्षणात होते आणि तितक्याच लवकर उलटवता येते. नवे प्रथिन तयार करायला पेशीला वेळ लागतो, फॉस्फेट बसवायला लागत नाही, म्हणून तातडीचे सगळे निरोप पेशी याच भाषेत देते. मानवी जनुकसंचात अशी ५१८ कायनेज असल्याची मोजदाद २००२ मध्ये झाली, आणि त्यांपैकी सुमारे ९० टायरोसीनवर फॉस्फेट बसवणारी आहेत.

ही क्रिया सापडली ती कर्करोगाचा शोध घेताना नव्हे. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स हे १९५०च्या दशकाच्या मध्यात स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फोडणाऱ्या फॉस्फोरिलेज या विकराचा अभ्यास करत होते. हे विकर त्यांना कधी क्रियाशील रूपात मिळे, कधी निष्क्रिय रूपात, आणि फरक कशाने पडतो ते कळेना. अखेर लक्षात आले की स्नायूंचा अर्क गाळणकागदातून गाळला तरच विकर क्रियाशील होते, कारण कागदातील कॅल्शियम अर्कात उतरत होते. त्या धाग्यावरून पुढे जाता जाता त्यांना एटीपीवरचा फॉस्फेट विकरावर बसतो हे उमगले. १९९२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. हे मी सांगते याचे कारण असे, की ‘स्नायूंतील साखरेवर संशोधन करून कोणाचे काय भले होणार’ असा प्रश्न विचारणाऱ्यांना माझ्या आतेभावाच्या गोळीची वंशावळ तेथून सुरू होते हे ठाऊक असावे.

वंशावळीतला दुसरा दुवा कोंबड्यांचा आहे. पेटन राऊस यांनी १९११ साली कोंबडीतील एक गाठ विषाणूमुळे होते असे दाखवले होते. त्या विषाणूतील एसआरसी या जनुकाचे प्रथिन हे कायनेज आहे हे १९७८ मध्ये कळले, आणि कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत टोनी हंटर यांना पुढच्याच वर्षी असे आढळले की हे प्रथिन फॉस्फेट बसवते ते तोवर कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या टायरोसीनवर. त्यांनी प्रयोगासाठी वापरलेले द्रावण जुने झाले होते, त्याची आम्लता बदलली होती, आणि नेमक्या त्यामुळे टायरोसीनवरील फॉस्फेटचा ठिपका थ्रिओनीनच्या ठिपक्यापासून वेगळा दिसला. निरोगी पेशीत टायरोसीनवर बसलेले फॉस्फेट इतके थोडे असतात की ताज्या द्रावणात ते बहुधा नजरेतून निसटलेच असते.

आता जगण्या-मरण्याच्या निर्णयाकडे येते, कारण या पत्राचा गाभा तोच आहे. पेशीतील तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, यांच्या बाहेरच्या पापुद्र्याला भोके पडली की आतील द्रव्ये बाहेर येतात आणि पानगळीची अखेरची साखळी सुरू होते. बीसीएल-२ आणि त्याचे भाऊबंद, उदाहरणार्थ बीसीएल-एक्सएल, या पापुद्र्याचे रक्षण करतात. बॅड नावाचे एक प्रथिन या रक्षकांना जखडून ठेवते. ज्या पेशीला शेजारच्या पेशींकडून ‘तुझी गरज आहे’ असा निरोप मिळत असतो, तिच्यात एकेटी नावाचे कायनेज जागे असते. ते बॅडवर फॉस्फेट बसवते. फॉस्फेट बसलेल्या बॅडला १४-३-३ या नावाची प्रथिने धरून बाजूला ठेवतात, रक्षक मोकळे राहतात आणि पेशी जगते. निरोप थांबला, की एकेटी निजते, बॅडवरचा फॉस्फेट निघतो, बॅड रक्षकांना जखडते आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. हा व्यवहार १९९६-९७ च्या सुमारास उलगडला. पेशी जगते ती तिला जगण्याचा निरोप मिळत राहतो म्हणून, आणि निरोप बंद झाला तर मरण हीच तिची स्वाभाविक वाट असते, हे समजल्यावर मी माझी जुनी टिपणे बाजूला ठेवून हा धडा नव्याने लिहून काढला होता.

यावरून कोणी फॉस्फोरिलेशनलाच रोगाचे मूळ ठरवू नये. पेशीच्या डीएनएला इजा झाली की एटीएम नावाचे कायनेज आणि त्याचे सहकारी पी-५३ या प्रथिनावर फॉस्फेट बसवतात. एरवी पी-५३ला एमडीएम-२ हे प्रथिन सतत नष्ट करत असते, फॉस्फेट बसल्यावर ती पकड सैल होते, पी-५३ साठू लागते आणि पेशीचे विभाजन तरी रोखते किंवा तिला मरणाकडे तरी ढकलते. म्हणजे बॅडवर बसलेला फॉस्फेट पेशीला वाचवतो आणि पी-५३वर बसलेला तिला मारू शकतो. फॉस्फेट काढून टाकणारी सगळीच विकरे आपल्या बाजूची असतात असेही नाही. एसएचपी-२ हे फॉस्फेटेज असूनही वाढीचे निरोप पुढे नेते आणि त्यात बिघाड झाला तर लहान मुलांत रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो. फॉस्फेट कोणत्या प्रथिनाच्या कोणत्या जागेवर, किती वेळ आणि कोणाच्या सांगण्यावरून बसला, यावर सारे अवलंबून असते.

हे मी आग्रहाने लिहिते, कारण माझ्या तोंडून फॉस्फेट हा शब्द ऐकून आमच्या वहिनींनी घरात दूध आणि डाळी बंद केल्या होत्या. ‘त्यात फॉस्फरस असतो ना?’ असे त्यांनी मला अगदी काळजीने विचारले. अशी समजूत करून घेणाऱ्या त्या एकट्याच असतील असे मला वाटत नाही. कायनेज जो फॉस्फेट वापरते तो पेशीतील एटीपीवरचा असतो. एटीपी पेशी अखंड तयार करत असते आणि आहारातील दूध-डाळ कमी केल्याने तो आटत नाही. बिघाड असतो तो फॉस्फेट बसवणाऱ्या विकरात. आधीच थकलेल्या रुग्णाच्या आहारातील प्रथिने कमी करून त्याला अशक्त करणे, एवढेच अशा पथ्याने साधते.

माझ्या भावाच्या रोगात बिघडलेले विकर कोणते, हे आज नेमके माहीत आहे, आणि ते शोधण्यात कित्येक वर्षे गेली. १९६० साली फिलाडेल्फियातील पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रोगाच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले की गुणसूत्र हरवलेले नाही, तर ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांनी आपले तुकडे एकमेकांशी बदलले आहेत. गुणसूत्रांची छायाचित्रे कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या हे जुळवत असत. या अदलाबदलीत एबीएल नावाच्या टायरोसीन कायनेजचे जनुक बीसीआर या दुसऱ्या जनुकाला येऊन चिकटते आणि दोहोंचे मिळून एक नवेच प्रथिन तयार होते. निरोगी एबीएलच्या एका टोकाला एक लहानशी मेदाम्लाची शेपटी असते. ती त्याच प्रथिनाच्या एका खाचेत अडकून त्याला बंद अवस्थेत ठेवते. जोडप्रथिनात हे टोकच गळून पडलेले असते, आणि बीसीआरचा भाग अशा अनेक रेणूंना एकत्र आणतो, त्यामुळे ते एकमेकांवर फॉस्फेट बसवून कायमचे जागे राहतात. मग निरोप आलेला नसतानाही एकेटी जागते, बॅड बाजूला पडते, एसटीएटी-५ हे प्रथिन बीसीएल-एक्सएलचा पुरवठा वाढवते, आणि ज्या पेशींनी केव्हाच गळून पडायला हवे होते त्या रक्तात आणि पानथरीत साचत जातात.

इमॅटिनिबचा रेणू एबीएलच्या त्या खोबणीत जाऊन बसतो जेथे एटीपी बसायला हवा. एटीपीला जागा मिळत नाही, म्हणून फॉस्फेट बसवला जात नाही, जगण्याचा खोटा निरोप थांबतो आणि त्याच निरोपावर तगलेल्या पेशी मरू लागतात. ओरेगॉनच्या ब्रायन ड्रुकर यांनी औषधकंपनीतील निकोलस लायडन यांच्या चमूसह हे प्रयोगशाळेत दाखवले, १९९८ साली रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या, आणि ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या पहिल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत सुरुवातीपासून इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते. त्याआधीच्या काळात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण जमले नाही तर या रोगाचे रुग्ण साधारणपणे काही वर्षांचेच सोबती असत. त्या काळातले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून हे आकडे वाचताना मला आजही भरून येते.

आणि तरीही या गोळीला ‘चमत्कार’ म्हणू नये, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे. ही गोळी विकराला दाबून धरते, गुणसूत्रातील बिघाड दुरुस्त करत नाही. शिवाय अस्थिमज्जेत रोगाच्या काही मूळ पेशी असतात. त्या स्वतःच्या टिकावासाठी बीसीआर-एबीएलवर पूर्णतः विसंबून नसतात, त्यामुळे गोळी चालू असतानाही त्या मरत नाहीत. गोळी चालू आहे तोवर त्यांची संतती तग धरू शकत नाही, म्हणून रक्त स्वच्छ दिसते. गोळी थांबली की त्या संततीला जगण्याचा खोटा निरोप पुन्हा मिळू लागतो. रक्ताची साधी तपासणी अगदी चांगली येते तेव्हाही शरीरात रोगपेशी फार मोठ्या संख्येने शिल्लक असू शकतात, आणि त्या मोजायच्या तर बीसीआर-एबीएलचे प्रमाण दाखवणारी पीसीआर चाचणीच करावी लागते. त्या मोजमापात प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली उतरणे हा पहिला मोठा टप्पा समजतात. माझ्या भावाने ज्या अहवालाच्या भरवशावर गोळी सोडली, तो साध्या रक्ततपासणीचा होता. पाच महिन्यांनी त्याची पानथरी पुन्हा हाताला लागली.

गोळ्या पूर्ण बंद करणे दूरच, अधूनमधून चुकवणेही किती महाग पडते, याचा एक अभ्यास लंडनमध्ये झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ८७ रुग्णांना गोळ्यांच्या अशा बाटल्या दिल्या की झाकण कधी उघडले याची नोंद त्या झाकणातच होत राहावी. ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के जणांना सहा वर्षांत वर सांगितलेला टप्पा गाठता आला. ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण अवघे २८ टक्के होते. महिन्यातून तीन गोळ्या चुकणे म्हणजे हीच ९० टक्क्यांची सीमा. लग्नसराईत, पेरणीच्या धांदलीत, परगावी गेल्यावर तीन गोळ्या सहज चुकतात, आणि आपल्याकडे तर हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने बऱ्याच तरुण वयात, कामाधंद्याच्या ऐन दिवसांत गाठतो.

विकराचे रूप बदलून ते गोळीला दाद देईनासे होण्याचाही धोका असतो. एबीएलच्या साखळीतील ३१५ व्या जागी थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन आले की इमॅटिनिबला खोबणीत शिरताच येत नाही. त्यासाठी पुढची औषधे निघाली आहेत. त्यांपैकी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले असिमिनिब मला विशेष वाटते, कारण ते एटीपीच्या खोबणीकडे जात नाही, तर हरवलेली मेदाम्लाची शेपटी ज्या खाचेत बसायची तेथे जाऊन बसते आणि एबीएलला त्याच्या मूळच्या रीतीने बंद करते. परंतु ही औषधे अजून आपल्या सामान्य रुग्णाच्या आवाक्यात नाहीत, आणि म्हणूनच हाती असलेली गोळी नीट घेण्याचे महत्त्व आपल्याकडे अधिक आहे.

ती हाती आहे, याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था आहे, हे मराठी वाचकांनी विसरू नये. नोव्हार्टिस कंपनीने इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितले, त्याला विरोध करणाऱ्यांत ही संस्था पुढे होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांनी ज्ञात औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाकारणाऱ्या, पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)चा आधार घेऊन कंपनीचा दावा फेटाळला. त्या सुमारास कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये आणि भारतीय बनावटीच्या औषधाचा ८ ते १० हजार रुपये असल्याचे सांगितले जात होते. इतक्या झगड्याने स्वस्त झालेली गोळी केवळ नीट समजावून न सांगितल्यामुळे डब्यात पडून राहावी, याचे मला अतोनात वाईट वाटते.

काही रुग्णांना गोळी थांबवता येते, हेही लपवून ठेवू नये. फ्रान्समध्ये १०० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, दोन वर्षांहून अधिक काळ पीसीआरमध्ये रोगाचा मागमूस न दिसलेल्यांची गोळी थांबवण्यात आली, आणि वर्षानंतर सुमारे ४० टक्के जणांत रोग परतलेला नव्हता. ज्यांच्यात परतला त्यांच्यापैकी बहुतेकांत तो पहिल्या सहा महिन्यांतच परतला, आणि पुन्हा गोळी सुरू केल्यावर आटोक्यात आला. मात्र हे सारे नियमित पीसीआर चाचण्या करत, तज्ज्ञांच्या नजरेखाली झाले होते. ही बातमी ‘कर्करोगाची गोळी बंद करता येते’ एवढ्या मथळ्याने छापली, तर ती कितीजणांचा घात करील, याचा विचार व्हावा.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगते. सगळे कर्करोग असे एका विकरावर उभे नसतात. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर या टायरोसीन कायनेजमध्ये बिघाड असतो आणि तेथे त्यावरील गोळ्या चांगल्या लागू पडतात, ज्यांत तो बिघाड नाही त्यांना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात बीआरएएफ या कायनेजवरील औषधाने गाठी झपाट्याने विरघळतात, पण अनेकदा काही महिन्यांतच दुसऱ्या वाटेने निरोप सुरू होऊन त्या परत येतात. म्हणून नव्या औषधाची बातमी देताना ते कोणत्या प्रथिनावर काम करते आणि त्या प्रथिनातील बिघाड तपासण्याची चाचणी कोणती, एवढे तरी लिहिलेच पाहिजे. गावाकडून माणसे वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन रुग्णालयात येतात आणि ‘हे औषध द्या’ म्हणतात, तेव्हा त्यांना परत पाठवणे डॉक्टरांनाही जड जाते.

माझ्या भावाच्या पेशींत ३१५ व्या जागेचा बदल आढळला नाही, हे आमचे भाग्य. गोळी पुन्हा सुरू झाली आणि सात महिन्यांनी पीसीआरचा आकडा खाली उतरू लागला. या वेळी मी त्याला वाढीविषयी काही सांगितले नाही. रानातल्या गवताचेच उदाहरण दिले: हरळी वरून खुरपली की वावर स्वच्छ दिसते, पण तिची काशी जमिनीत जिवंत असते. एरवी शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, ‘मग ही गोळी म्हणजे रोजची खुरपणी?’ मी हो म्हटले. त्यानंतर त्याची एकही गोळी चुकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या आरोग्यविषयक पानावर कर्करोगाची व्याख्या छापताना ‘पेशींची अनियंत्रित वाढ आणि वेळेवर न मरणे’ असे यापुढे लिहावे, आणि अशा गोळ्यांविषयीच्या प्रत्येक लेखाशेजारी एक लहान चौकट द्यावी, की रक्ततपासणी चांगली आली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये, गोळी चुकली तर पुढच्या वेळी काय करायचे ते आधीच विचारून ठेवावे, आणि पीसीआर चाचणी किती महिन्यांनी करायची ते लिहून घ्यावे. त्या चौकटीचा मजकूर आणि मराठी परिभाषा तपासून देण्याचे काम मी आनंदाने आणि विनामोबदला करीन.

कळावे,
आपली विश्वासू,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा